सोळा बारांचा अंतरा : ‘मान्तेका’चं प्रकरण

30 डिसेंबर 1947 रोजी न्यूयॉर्कमध्ये डिझी गिलेस्पीचा बिग बँड आरसीए व्हिक्टरसाठी चार रचना रेकॉर्ड करत होता. काम त्याच दिवशी उरकणं भाग होतं. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने 1 जानेवारी 1948 पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार पुकारला होता आणि तो किती महिने चालेल याचा कोणालाच अंदाज नव्हता. त्यामुळे डिसेंबर संपायच्या आत जेवढं तबकड्यांवर उतरेल तेवढं उतरवून घ्यायला सगळ्या कंपन्या धावत होत्या. त्या चार रचनांपैकी एकीचं नाव होतं ‘मान्तेका’. स्पॅनिशमध्ये मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. हवानाच्या गल्ल्यांत त्या शब्दाला गांजा असाही अर्थ होता.

आफ्रो-क्यूबन जॅझची चर्चा निघाली की या तीन मिनिटांच्या तबकडीचं नाव हमखास येतं. दोन परंपरांचा संगम, दोन संस्कृतींची गळाभेट, असं तिच्याबद्दल बोललं जातं. मी ही रचना गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. जितकी जास्त ऐकली तितकं मला वाटायला लागलं की ‘संगम’ म्हटल्याने तिच्यातली खरी गोष्ट झाकली जाते. ‘मान्तेका’त दोन परंपरा एकमेकींत विरघळलेल्या नाहीत. त्या एकमेकींना जोडल्या आहेत आणि तो सांधा कानाला स्वच्छ ऐकू येतो. तो तिथेच का पडला, कोणी घातला आणि पुढे त्याचं काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी माणसं.

जॉन बर्क्स गिलेस्पी, म्हणजेच डिझी, 1917 साली साउथ कॅरोलायनातल्या चेरॉ गावात जन्मला. 1947 साली तो तिशीत होता आणि बिबॉप या नव्या, वेगवान, अवघड जॅझचा म्होरक्या होता. स्वरसंगतीची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाची, त्याची जाण अफाट होती. लातिन तालांची ओढही त्याला आधीपासूनच होती. तरुणपणी तो आल्बेर्तो सोकारास या क्यूबन बासरीवादकाच्या बँडमध्ये वाजवून आला होता. 1939 साली तो कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये दाखल झाला तेव्हा त्याच्या शेजारी ट्रम्पेट घेऊन बसायचा मारिओ बाउसा. बाउसा हवानाचा, शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला वादक, डिझीहून सहा वर्षांनी मोठा. आपल्याकडचा ताल तुमच्या जॅझखाली घातला तर काय होईल, हे वेड डिझीच्या डोक्यात त्यानेच पेरलं. पुढे 1947 साली डिझीला बँडसाठी कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल, वाजवणारा हवा होता, तेव्हा त्याने बाउसालाच विचारलं आणि बाउसाने त्याला चानो पोसोकडे नेलं.

लुसिआनो पोसो गोन्सालेस ऊर्फ चानो 1915 साली हवानात जन्मला. बालपण चाळवजा वस्तीत गेलं आणि पोरवयात सुधारगृहही पाहून झालं. आबाक्वा या गुप्त बंधुमंडळाचा तो सदस्य होता. या मंडळाची मुळं आजच्या नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमाभागात आहेत. तिथून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपली गाणी, आपली भाषा आणि आपले ढोल क्यूबात जिवंत ठेवले होते. चानो कार्निव्हलच्या मिरवणुकांत वाजवायचा, नाचायचा, गाणी रचायचा. ‘ब्लेन ब्लेन ब्लेन’सारखी त्याची गाणी हवानात घरोघर गाजली. त्याला ना नोटेशन लिहिता यायचं ना वाचता, आणि इंग्रजी तर जवळजवळ येतच नव्हतं. अंगात एका जुन्या भांडणातली गोळी तशीच राहिली होती. न्यूयॉर्कला तो आला मिगेलितो वाल्देस या गायक मित्राच्या भरवशावर.

तो जे वाद्य वाजवायचा त्याचं क्यूबातलं नाव तुंबादोरा. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या तोंडी आजही ‘तुंबा’ हा शब्द असतो, तो इथूनच आलेला.

या दोघांची भेट समजून घ्यायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं. 1739 साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. उठाववाले ढोल वाजवत, माणसं गोळा करत निघाले होते. उठाव चिरडल्यावर 1740 साली वसाहतीने कायदा केला आणि गुलामांना ढोल वाजवायची बंदी घातली. डिझी त्याच प्रांतातला. हातांनी चामड्यावर बोलायची आफ्रिकेची रीत त्याच्या पूर्वजांकडून अशी कायद्याने काढून घेतली गेली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी ताल टाळ्यांत, पायांत, चर्चच्या गाण्यांत जपला, पण ढोल गेले ते गेलेच. क्यूबात वेगळं घडलं. तिथे आफ्रिकी लोकांना आपापल्या जमातीची मंडळं काढायची मुभा होती आणि त्या मंडळांत ढोल टिकले. दोघांचे पूर्वज एकाच किनाऱ्यावरून जहाजात कोंबून आणलेले होते. पिढ्यानंतर एकाच्या हातात ट्रम्पेट होता आणि दुसऱ्याच्या हातात ढोल. डिझीला ही तूट ठाऊक होती आणि ती त्याला टोचायची. भाषेविना तुमचं कसं चालतं, असं कोणी विचारलं की चानो आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगायचा : डिझीला स्पॅनिश येत नाही, मला इंग्रजी येत नाही, पण दोघांनाही आफ्रिकी बोलता येतं.

बोलणं सुंदर आहे, पण पूर्ण खरं नाही. दोघांच्या मात्रा जुळत नव्हत्या.

कुठे जुळत नव्हत्या ते टेबलावर वाजवून पाहता येतं. सोळा सारख्या मात्रा मोजा, तीनतालासारख्या, जरा जलद. त्यातल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या पडतात, दुसऱ्या अर्ध्यात दोन. हीच क्लावे. या नावाच्या दोन लाकडी दांडक्या असतात, त्या एकमेकींवर आपटून हा आकृतिबंध वाजवतात. क्यूबन संगीतात गाण्याची ओळ, पियानो, बास, कोंगा, सगळं या पाच टाळ्यांना धरून चालतं. दांडक्या वाजत नसतील तरी क्लावे असतेच. ती तीनच्या अंगाने सुरू होऊ शकते किंवा दोनच्या अंगाने, पण एकदा धरली की उलटायची नाही. उलटली तर क्यूबन वादक म्हणतात ‘क्रुसादो’, म्हणजे आडवी गेली. सम चुकलेल्या तबलजीकडे गायक ज्या नजरेने बघतो ती नजर आठवा.

आपल्या कानाला यात एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आपल्याला समेवर यायची ओढ असते, सगळं तिथे येऊन बसावं असं वाटतं. क्यूबन बास मात्र पुष्कळदा पहिल्या मात्रेवर गप्प असतो आणि तिच्या जरा आधीच आलेला असतो. कोंगाचे मोकळे, घुमणारे ठोकेही बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या गटाच्या, शेवटाकडे पडतात. जोर पुढे झुकलेला असतो आणि त्यानेच पाय उचलले जातात.

जॅझचा स्विंग वेगळा आहे. तिथे बास चार मात्रांवर चार पावलं टाकत चालतो. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, त्यामुळे लय डुलते. क्यूबन तालात तेच भाग जवळजवळ सारखे असतात. एक ताल डुलणारा आणि दुसरा सरळ. दोघे एकाच वेळी वाजले की डुलणाऱ्या वादकाला सरळवाला ताठर वाटतो, आणि सरळवाल्याला डुलणारा ढिला वाटतो.

चानो बँडमध्ये आला तेव्हा नेमकं हेच झालं. नेहमीच्या स्विंग रचनांत त्याचा ठोका कुठे पडावा हे त्याला उमगेना. बँडची ‘एक’ त्याची ‘एक’ नव्हती. त्याने जिथून उचल घेतली तिथून बाकीच्यांना तो उलटा वाटायचा. डिझी त्याच्याजवळ जाऊन ओळ गुणगुणून दाखवायचा, आणि एखादी ओळखीची जागा कानावर पडली की चानो तिथून पकडायचा. मला यातली पद्धत फार महत्त्वाची वाटते. मोजणी समजावून सांगितली असती तर तो प्रयत्न पहिल्याच आठवड्यात फसला असता. डिझीने गाऊन दाखवलं.

29 सप्टेंबर 1947 रोजी कार्नेगी हॉलमध्ये या बँडचा कार्यक्रम झाला. त्यात जॉर्ज रसेल या तरुण संगीतकाराने डिझीसोबत बांधलेली ‘क्युबानो बी, क्युबानो बॉप’ ही दुपेडी रचना वाजली. पुढे दौऱ्यात, बसमध्ये, रसेलने चानोला आबाक्वा मंत्रगायन करताना ऐकलं आणि ते रचनेच्या मधोमध तसंच्या तसं घालायचं ठरवलं. बोस्टनच्या कार्यक्रमात चानो एकटा पुढे आला, ढोल आणि आवाज एवढ्यावर. रसेलने नंतर सांगितलेलं वाचताना गलबलून येतं. समोरचे काळे श्रोते अवघडून गेले होते. आपल्याच पूर्वजांचा आवाज इतक्या उघडपणे ऐकून त्यांना संकोच वाटत होता, कारण त्या आवाजाची लाज वाटावी असंच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं होतं. दोन परंपरा एकत्र आणायच्या म्हणजे त्यांच्या मात्रा जुळवल्या की झालं, असं नसतं. मात्रांच्या मागे 1740 चा कायदाही उभा असतो.

पण दौऱ्यातली ती बस हीच या प्रकरणातली खरी शाळा होती. चानो बँडवाल्यांच्या हातात ढोल द्यायचा, प्रत्येकाला वेगळा ठोका शिकवायचा आणि मग त्या सगळ्यांवर स्वतः गायचा. एकाने आपलाच ठोका धरून ठेवायचा, शेजाऱ्याचा ऐकायचा, पण त्याच्या मागे वाहून जायचं नाही. बिबॉपच्या वादकाला बोटांनी काय वाटेल ते करता यायचं, पण एकच छोटी गोष्ट न बदलता तासभर धरून ठेवायची सवय त्याला नव्हती. बास वाजवणारा अल मॅककिबन या शाळेतला सर्वांत पक्का विद्यार्थी ठरला. तो चानोकडून कोंगाच शिकला.

‘मान्तेका’ची कल्पना चानोचीच. बँड कॅलिफोर्नियात फिरत असताना त्याने ती डिझीपुढे मांडली. लिहिता येत नसल्याने त्याने प्रत्येक वाद्याचा भाग तोंडाने गाऊन दाखवला : बासने हे वाजवायचं, सॅक्सोफोननी हे, ट्रॉम्बोननी हे, ट्रम्पेटनी हे. प्रत्येकाला दोन-चार सुरांचा छोटा तुकडा, सतत फिरत राहणारा, आणि सगळे तुकडे एकमेकांच्या फटींत बसणारे. क्यूबात अशा फिरत्या तुकड्याला ‘ग्वाहेओ’ म्हणतात. चानोने ऐकवलं ते एका सुरावर रोवलेलं, थरावर थर चढत जाणारं संगीत होतं. त्यात मुखडा होता, अंतरा नव्हता. त्याला अंतऱ्याची गरजच वाटली नव्हती. मिरवणुकीतलं संगीत पुढे जातं ते पायांनी आणि थरांनी, स्वरसंगती बदलून नव्हे.

डिझीला ते पुरेना. तसंच ठेवलं तर सगळं शुद्ध आफ्रो-क्यूबन होईल, जॅझच्या वादकाला सोलोसाठी काही हातात लागणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने ब्रिज बांधायला घेतला. जॅझवाल्यांचा ब्रिज म्हणजे आपल्या हिशेबात अंतरा : मुखडा दोनदा, मग वेगळ्या मुलखात जाऊन यायचं, मग पुन्हा मुखडा. नेहमीच्या मापात तो आठ बारांचा असतो. डिझीने आठ बार लिहिले, पण स्वरसंगती मूळ सुरावर, बी-फ्लॅटवर, परतलीच नाही. मग पुढे लिहित गेला आणि परत येईपर्यंत सोळा बार झाले. हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. त्यामुळे ‘मान्तेका’चा साचा आठ-आठ-सोळा-आठ असा विचित्र मापाचा झाला, चाळीस बारांचा. पुढे अरेंजर गिल फुलरने सगळं बँडसाठी कागदावर बसवलं. रचनेवर नावं लागली ती तिघांची : गिलेस्पी, पोसो, फुलर.

इथे जरा वाट वाकडी करतो, कारण मुंबईतही त्याच सुमारास नेमकं हेच नातं घडत होतं. हिंदी चित्रपटांचे संगीतकार चाल गाऊन दाखवायचे आणि नोटेशन जाणणारे गोव्याचे वादक ती लिहून घेऊन वाद्यांवर वाटून द्यायचे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ही जोडी ‘अलबेला’त, 1951 साली, बोंगोच्या ठेक्यावर ‘शोला जो भड़के’ घेऊन आली. क्यूबाचे ताल तोवर रेकॉर्डवरून आणि हॉटेलांतल्या डान्स बँडांतून मुंबईला पोचले होते. भगवानदादांच्या त्या चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पण लिहून घेणारे गोवेकर बहुतेक वेळा श्रेयनामावलीत सहायक म्हणून आले किंवा आलेच नाहीत. ‘मान्तेका’त गाऊन दाखवणारा निरक्षर ढोलवाला आणि लिहून घेणारा अरेंजर, दोघांचीही नावं तबकडीवर आली. 1947 च्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती.

आता तबकडीकडे. चांगले हेडफोन असतील तर घाला, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बास दबलेला असतो.

सुरुवातीला फक्त कोंगा आणि बास. बासचा तुकडा छोटा आणि हट्टी आहे, आणि मॅककिबन त्यात तसूभर बदल करत नाही. वरून चानोचा आवाज येतो, ‘मान्तेका!’ मग खालच्या पट्टीतला बॅरिटोन सॅक्सोफोन आपला तुकडा घेऊन शिरतो, त्याच्यावर ट्रॉम्बोन, त्यांच्यावर ट्रम्पेट. प्रत्येक थर मागच्याच्या फटीत पाय ठेवतो. कोणीही कोणाच्या अंगावर पडत नाही. सगळं ताणून धरलं गेल्यावर डिझीचा ट्रम्पेट वरून झेप घेतो, बिबॉपच्या वेगाने, भरधाव. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा हा भाग. माझ्या मते दोन परंपरा या तबकडीत खऱ्या अर्थाने एकाच वेळी वाजतात त्या फक्त इथेच. खाली क्यूबा हलत नाही आणि वर हार्लेम, न्यूयॉर्कमधली काळ्यांची जॅझवाली वस्ती, मोकाट सुटलेलं आहे.

मग मुखडा, पुन्हा मुखडा, आणि मग तो सोळा बारांचा अंतरा. इथे सगळं बदलतं. तुकडे थांबतात, सूर लांबतात, स्वरसंगती एकेक पायरी उतरत परकी वळणं घेते. ताल डुलायला लागतो. पुढे बिग निक निकोलसचा टेनर सॅक्सोफोनचा सोलो येतो तोही स्विंगवर, घरच्या मैदानावर खेळल्यासारखा. कोंगा चालूच असतो, पण आता तो यजमान उरलेला नसतो, पाहुणा झालेला असतो. शेवटाकडे मुखडा परततो, थर पुन्हा येतात आणि एकेक करून उतरत जातात. खाली तेच सुरुवातीचं शिल्लक राहतं.

सांधा तो हाच. मुखडा चानोचा, अंतरा डिझीचा. क्यूबन भागात ताल क्यूबन, जॅझ भागात ताल जॅझचा. दोघांनी एकाच घरात दोन खोल्या घेतल्या आणि मधलं दार उघडं ठेवलं.

याला मी अपयश म्हणत नाही. अंतरा अप्रतिम आहे, ‘मान्तेका’ दर वेळी त्या वळणावर पोचते तेव्हा मला आजही पोटात हलल्यासारखं होतं. तो नसता तर जॅझच्या वादकांनी ही रचना इतकी आपलीशी केली नसती, हेही खरं. पण करार बरोबरीचा नव्हता. सोलो, म्हणजे जिथे वादक स्वतःचं बोलतो ती जागा, जवळजवळ सगळी स्विंगच्या वाट्याला गेली. चानोने आणलेला ताल दिवाणखान्यात सजला, पण महत्त्वाची बोलणी आतल्या खोलीत झाली. हे कोणी ठरवून केलं असं नाही. बँड डिझीचा होता, वादक स्विंगमध्ये वाढलेले होते, आणि डिसेंबर संपत आला होता.

दुसरी वाट होतीच, आणि तीही त्याच शहरात. मारिओ बाउसाने 1941 पासून आपला मेहुणा माचितो याच्या ‘आफ्रो-क्यूबन्स’ या बँडची सूत्रं हाती घेतली होती. त्या बँडने 1943 साली ‘तांगा’ ही रचना उभी केली. बाउसाची युक्ती उलटी होती. तालवाद्यं सगळी क्यूबन हातांत, क्लावे कुठेही न मोडता अखंड, आणि वरची वाद्यं मात्र जॅझच्या उच्चारात बोलणारी. तिथे सोलोसाठी ताल बदलत नाही. सोलो करणाऱ्यानेच क्लावेवर बोलायला शिकायचं. 1950 साली चिको ओफारिलने याच बँडसाठी ‘आफ्रो-क्यूबन जॅझ स्वीट’ लिहिली आणि तिच्यात बिबॉपचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर क्लावेवर स्वार झालेला ऐकू येतो. ‘मान्तेका’नंतर ती लगेच लावली की फरक चटकन कळतो.

तरीही नमुना म्हणून उचलला गेला तो ‘मान्तेका’चाच. मुखडा लातिन, अंतरा स्विंग, सोलो स्विंग, हा साचा पुढची तीसेक वर्षं जॅझच्या बँडांत रूढ झाला. तो सोपा होता. क्लावे न शिकताही त्यात लातिन वाजवता यायचं. डिझीने सोळा बार लिहिले ते एका अडचणीवरचा उपाय म्हणून. पुढच्यांनी त्या उपायाचा नियम केला, यात मला ‘मान्तेका’वरचा खरा अन्याय दिसतो. ज्याने गाऊन दाखवलं त्याच्या बसमधल्या शाळेत त्यांच्यापैकी कोणीच बसलं नव्हतं.

आणि चानो सांगायला उरला नाही. 1948 च्या सुरुवातीला बँड युरोपला गेला, फेब्रुवारीत पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात ‘मान्तेका’ वाजली, लोक वेडे झाले. त्या वर्षाअखेर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दौऱ्यात चानोचे ढोल चोरीला गेले आणि तो न्यूयॉर्कला परतला. 2 डिसेंबर 1948 रोजी हार्लेममधल्या एका बारमध्ये भांडणातून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वय 33. रेकॉर्डिंगवरचा बहिष्कार त्याच महिन्याच्या मध्याला उठला. म्हणजे डिझीचा बिग बँड आणि चानो यांचं स्टुडिओतलं सारं काम 1947 च्या डिसेंबरातल्या दोन दिवसांत, 22 आणि 30 तारखेला झालेलं. बाकी आहेत ती कार्यक्रमांची रेकॉर्डिंग. हे दोघं आणखी दोन वर्षं एका बसमध्ये बसले असते तर तो सांधा कुठे सरकला असता, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

शाळा पूर्ण बंद पडली नाही. मॅककिबन पुढे पियानोवादक जॉर्ज शिअरिंगच्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, गेला आणि तिथे त्याने चानोची विद्या कामी लावली. त्या क्विंटेटमधला व्हायब्राफोनवादक कॅल जेडर त्याच्या नादाने क्यूबन संगीतात ओढला गेला आणि नंतर पश्चिम किनाऱ्यावर लातिन जॅझचा मोठा माणूस झाला. न्यूयॉर्कमध्ये जेरी गोन्सालेस हा तर ट्रम्पेट आणि कोंगा दोन्ही वाजवणारा. त्याच्या फोर्ट अपाची बँडने 1980 च्या दशकात जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंकच्या रचना रुंबा या क्यूबन ढोलांच्या तालावर चढवल्या. त्यांत स्विंग आणि क्लावे एकाच बारमध्ये अशा काही सरमिसळतात की दार कुठे होतं ते सापडत नाही.

डिझीही थांबला नव्हता. मे 1977 मध्ये जॅझ वादकांना घेऊन निघालेलं एक जहाज हवानाला लागलं, त्यात तो होता. क्यूबातल्या क्रांतीनंतर अमेरिका आणि क्यूबा यांच्यात येणंजाणं जवळजवळ बंद झालेलं होतं. एक तरुण आपल्या गाडीतून त्याला शहर दाखवत हिंडला, चानोच्या वस्त्या, ढोलवाल्यांची घरं. आपणही ट्रम्पेट वाजवतो हे त्या पोराने सांगितलंच नाही. रात्री मैफलीत तो ट्रम्पेट हातात घेऊन उभा राहिला तेव्हा डिझीला कळलं. तो आर्तुरो सांदोवाल.

पुढे 1988 साली डिझीने युनायटेड नेशन ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात क्यूबाचे सांदोवाल आणि पाकितो दे रिवेरा, पनामाचा दानिलो पेरेस, प्वेर्तो रिकोचा जोवानी इदाल्गो, ब्राझीलचे आइर्तो मोरेरा आणि फ्लोरा पुरिम होते. सत्तरी गाठलेला माणूस चाळीस वर्षांपूर्वीचं एक अर्धवट काम पुन्हा हातात घेत होता, असंच मला त्या नावांकडे बघून वाटतं. पण त्या सगळ्यांत माझं लक्ष जातं ते ड्रम सेटमागे बसलेल्या इग्नासिओ बेरोआकडे. हवानाचा हा वादक 1980 साली अमेरिकेत आला आणि पुढच्याच वर्षी डिझीने त्याला आपल्या चौकडीत घेतलं. चानो जाऊन तेव्हा 33 वर्षं झाली होती. आपला ताल आणि जॅझचा ताल, दोन्ही आतून जाणणारा लातिन ड्रमर म्हणजे हाच, असं डिझी त्याच्याबद्दल सांगायचा. 1947 साली एका बाजूला केनी क्लार्क ड्रम सेटवर आणि दुसऱ्या बाजूला चानो कोंगावर, असे दोन माणसांत वाटले गेलेले ताल बेरोआच्या एकाच अंगात होते. क्लावे न सोडता तो राइड सिंबलवर, म्हणजे स्विंगची लय धरणाऱ्या झांजेवर, स्विंगमध्ये शिरायचा आणि तितक्याच सहज परत यायचा. समोर उभ्या असलेल्या डिझीला आता कोणालाही ओळ गुणगुणून दाखवावी लागत नव्हती.